पेन धरायची नळी

४ फेब्रुवारी

पेन धरलं गेलं, कागद फाटला.

माझं सीएनसी मशीन कॉम्प्युटरवरचं चित्र बघून लाकडी पाट्या कोरतं. आज त्याचं कोरायचं डोकं काढलं आणि त्या जागी पुठ्ठ्याच्या घड्या घालून बॉलपेन आवळलं. म्हटलं, कोरतं तर लिहीलही. डाव्या कोपऱ्यात पेन हवेतच फिरलं, एक ठिपका नाही. उजवीकडे सरकलं आणि खाकी कागदातून आरपार गेलं.

ताई दारातून बघत होती. म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं. मी पट्टी ठेवून पाहिलं — अंगण खरंच वाकडं! मशीनचा तक्ता एका कोपऱ्यात नखभर खाली आहे.

५ फेब्रुवारी

हा उद्योग कशासाठी, ते एकदा लिहून ठेवते. उद्या वैतागून सगळं फेकलं तर निदान कारण सापडेल.

ताई कपडे शिवायच्या दुकानात कटिंग करते. बावीस वर्षं. मापं बघून गळा, मुंढा, बाही कागदावर आखायची आणि त्या कागदावरून मुली कापड कापणार. मुंढ्याचा गोल, जिथे बाही जोडतात तो, ती एका दमात काढते. काढायची. ऑक्टोबरपासून उजवा हात थरथरतो. आता तिची रेघ पाण्यात पडलेल्या दोऱ्यासारखी दिसते.

डॉक्टर म्हणाले, गोळ्यांनी कमी होईल, जाणार नाही. पुढे वाढेल. मी विचारलं, मग आम्ही काय करायचं? म्हणाले, सोबत राहा. सोबत तर आहेच. दोघीच आहोत घरात, जाणार कुठे? पण सोबत राहून करायचं काय, ते नाही सांगितलं.

ताई सांगत होती, मालकीणबाईंनी महिनाअखेरपर्यंत बघू म्हटलंय. कापायला मुली आहेत, आखणं तेवढं चुकायला नको. तिच्या जुन्या कागदांचे फोटो काढून मी त्या रेघा कॉम्प्युटरवर उतरवल्यात. माप घातलं की आकार लहानमोठा होतो. आता फक्त मशीनला पेन धरता आलं पाहिजे. एवढंच.

९ फेब्रुवारी

पेनाने तक्त्याच्या उंचसखलपणाप्रमाणे आपणहून वरखाली व्हायला हवं. म्हणून सागाच्या ठोकळ्याला भोक पाडलं, त्यात पितळी नळी बसवली, नळीत पेन आणि वर बॉलपेनातलीच स्प्रिंग. फाटत नाही आता. पण स्प्रिंग इतकी दाबते की कागदावर नांगर फिरवल्यासारखी चरी पडते.

ताईला शर्टाचं वरचं बटण लावता आलं नाही. मी पुढे झाले तर म्हणाली, राहू दे, उकडतंय.

उकडत नव्हतं.

१० फेब्रुवारी

स्प्रिंग काढली. पेन स्वतःच्या वजनाने टेकू दे. टेकलं, पण निम्म्या रेघेत शाई नाही.

१३ फेब्रुवारी

पेनाच्या डोक्यावर दोन नट चिकटवले. वजन आलं, शाई आली. पण नळी पेनापेक्षा केसभर मोठी! सरळ रेघ छान, वळण आलं की पेन नळीत डुगडुगतं आणि मुंढ्याला दोन-दोन रेघा. ताईने कागद उजेडात धरला. म्हणजे धरायचा प्रयत्न केला, मग टेबलावर ठेवला. म्हणाली, या रेघेला पण डॉक्टरकडे ने.

मी हसले. आत जाऊन तोंड धुतलं.

१४ फेब्रुवारी

हार्डवेअरवाल्याकडे तीन नळ्या पाहिल्या. एक सैल, एक घट्ट, एक चेपलेली. त्याने विचारलं, नेमकं काय धरायचंय? मी पर्समधलं पेन काढून दाखवलं.

रोग रेड्याला आणि औषध पखालीला, तसं चाललंय माझं. हात तिचा बिघडलाय, आणि दुरुस्ती मी मशीनची करतेय. पण हाताला कुठला स्क्रू आवळू?

१८ फेब्रुवारी

जमलं.

पेनाला दोन ठिकाणी पातळ टेप गुंडाळला, वर एक वेढा, खाली एक. टेपवर मेणबत्तीचं मेण घासलं. पेन नळीत अडकत नाही, डुगडुगत नाही. मुंढा एका रेघेत आला!

ताईने वाकून रेघ पाहिली. मग म्हणाली, खालचा गोल अर्धं बोट आत घे. घेतला. आता रोज दुकानातून येताना ती मापांची चिठ्ठी आणणार. मी आखून ठेवायचं, सकाळी दहाला ती कागद घेऊन जाणार.

२३ फेब्रुवारी

पाच दिवसांत अकरा कागद. तक्ता लहान म्हणून दोन-दोन तुकडे चिकटवावे लागतात, पण रेघ केसभर हलत नाही. विचारलं, दुकानात काय म्हणाले? म्हणाली, चांगलं म्हणाले.

तिच्या हातातून आज कप पडला. दोघी एकदमच वाकलो.

२६ फेब्रुवारी

महिना संपत आला म्हणून आज मीच दुकानात गेले. वाटलं, मालकीणबाईंना सांगावं, हे काम मी कायम करीन, ताईला काढू नका. जेवणाच्या सुट्टीत ताई वाचनालयात पुस्तक बदलायला जाते, तेवढ्यात बोलून घेऊ.

मालकीणबाईंनी खुर्ची दिली. बोलता बोलता अवघडल्या. म्हणाल्या, "आम्ही पुष्कळ म्हटलं हो, थांबा म्हणून. पण ताई एक तारखेलाच सोडून गेल्या. तुम्हाला बोलल्या नाहीत?"

कटिंगच्या टेबलावर दुसरीच बाई होती. माझा एकही कागद तिथे नव्हता.

घरी आले. सहाला ताई आली, पिशवी खुंटीला लावली, चिठ्ठी दिली. छाती ३६, कंबर ३०. तिरकं, कापरं अक्षर. मी आखायला बसले.

२७ फेब्रुवारी

दुपारी ताईचं कपाट उघडलं. मी आखलेले सगळे कागद तिथे होते. नीट घडी घालून.

संध्याकाळी विचारलं. ती चिडली नाही. दिवसभर वाचनालयात बसते म्हणाली. तिथे सगळ्यांची डोकी खाली असतात. मग मी विचारलं, मला आखत का बसवलंस?

"ऑक्टोबरपासून तू माझ्याकडे बघायचीस ती फक्त हाताकडे. चहा पिताना, जेवताना. हे मशीन सुरू झालं आणि तू मशीनकडे बघायला लागलीस. मला जरा मोकळं वाटायला लागलं गं."

२८ फेब्रुवारी

आज तिने चिठ्ठी दिली नाही. मीच मागितली.