पाणी कुठवर आलं होतं

७ ऑक्टोबर

सोडत निघाली. महाडचं नगराध्यक्षपद महिलेसाठी राखीव! पंधरा वर्षं त्या खुर्चीत बसलो, मग प्रशासक आला, आता तर दारच बंद. अश्वजितचा फोन — पहिल्या निवडणुकीपासून माझ्याबरोबर असलेला कार्यकर्ता. "अध्यक्ष, काळजी नको. वहिनींना उभं करू. सही त्यांची, कारभार तुमचा!"

वहिनी म्हणजे सरिता. माझी बायको. पुराच्या वर्षी मुलीकडे, साक्षीकडे डोंबिवलीला गेली, नातीला सांभाळायला. नात आता शाळेत जाते. सरिता आलेली नाही.

८ ऑक्टोबर

मतदारयादी पाहिली. तिचं नाव अजून इथंच. हलवलेलं नाही! तीन वेळा वाचलं.

१२ ऑक्टोबर

बाजारात ठकूबाई. पोलादपूरच्या वरच्या वाडीतून भाजी घेऊन येते, सरिताशी तिचं फार जमायचं.

"वैनी कधी येनार?"

"येईल."

"चार वर्सं त्येच सांगताव. तुमी आनायला गेलाव काय कधी? नाय ना?"

माठाच्या दोन जुड्या घेऊन आलो. एकट्याला कशाला एवढ्या!

सरिता स्वयंपाक करताना गुणगुणायची. मी तेव्हा फोनवर — कुणाचं गटार तुंबलं, कुणाची पाइपलाइन फुटली. कुठलं गाणं होतं तेही आठवत नाही. आता फोन वाजत नाही. घरात कान देऊन बसतो, तर काहीच नाही.

१९ ऑक्टोबर

डोंबिवलीला जाऊन आलो. साक्षी मुलीला घेऊन मुद्दाम बाहेर गेली. सरिताने चहा दिला. बिनसाखरेचा. म्हणजे लक्षात आहे!

सोडत सांगितली, अश्वजितचं म्हणणं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं.

"बायकोला न्यायला आलात की उमेदवाराला?"

मग चार वर्षं जे तोंडातून निघालं नव्हतं तेच बोललो. त्या दुपारी मी बचावाच्या होडीत होतो. होडी आमच्या घरासमोरून गेली. वरच्या मजल्यावर सरिता आणि माझे वडील — अण्णा. पुढच्या आळीत एक ओली बाळंतीण पत्र्यावर अडकलेली. मी होडीवाल्याला म्हणालो, "पुढं चल." परत यायला दोन तास लागले. अण्णा वाचले, पण छातीत कफ धरला तो धरलाच. दीड महिन्यात गेले.

"तू पाहिलंस मला?"

"पाहिलं. अण्णा म्हणाले, हाक मार. मी नाही मारली. तुम्ही थांबला असतात."

"मग राग कसला, सरिता?"

"होडीचा नाही. पूर ओसरल्यावर तुम्ही घरोघरी फिरलात. सगळ्यांना विचारलंत, पाणी कुठवर आलं होतं? मला एकदा तरी विचारलंत?"

विचारलं. आज!

तिनं हात छातीशी नेला. "इथवर. अण्णांना मी मागून धरून ठेवलं होतं. हात बधिर झाले होते."

मी रडलो. तिनं रडू दिलं. चल म्हणायचं धाडस झालं नाही.

२ नोव्हेंबर

अश्वजितला सांगून टाकलं, सरिताचं नाव कुठंही द्यायचं नाही. "अध्यक्ष, हातातलं पद घालवताय!" घालवतोय. तिला बाहुली करून आणायचं नाही मला. तिला फोन करून सांगितलं. "बरं," म्हणाली आणि ठेवला.

९ नोव्हेंबर

तिचा फोन नाही.

१५ नोव्हेंबर

अश्वजित धापा टाकत आला. सरिता सकाळच्या एसटीने उतरली, थेट कचेरीत गेली, अर्ज भरला. अपक्ष!

त्याच्या मागोमाग तीच दारात. हातात एक लहान पिशवी.

"अश्वजितला परस्पर ‘नाही’ सांगून टाकलंत. उभं राहायचंय का, हे मला विचारलंत?"

नव्हतं विचारलं. पुन्हा तेच! मान खाली घातली.

"उद्या आठला निघायचं. दारोदार. बोलायचं मी, तुम्ही नुसतं बरोबर यायचं."

हो म्हणालो. मग विचारलं, "राहशील ना गं?"

"निकाल लागू दे," म्हणाली.