मोरी कोरडी होती

४ मार्च, मंगळवार

ह्यांनी कागद वाचून दाखवला! पाठ करा म्हटलं होतं मी, समोर धरून वाचा असं नव्हतं म्हटलं.

फोन पिठाच्या डब्याला टेकवून उभा केला होता. आवाज नको म्हणून पंखा बंद. (तेवढीच वीज वाचली.) फोनमधल्या बाई आमच्या लेकीच्याच वयाच्या. समुपदेशन करतात. ह्यांना ‘काका’ म्हणाल्या, बरं वाटलं ऐकून. पहिलाच प्रश्न – झोप कशी लागते? तर हे मान खाली घालून एका दमात – “झोप बरी आहे, भूक बरी आहे, देवाच्या कृपेने कसलीही तक्रार नाही.”

“काका, तुम्ही वाचताय का?”

“हो. हिचं अक्षर फार सुरेख आहे. दाखवू?”

आणि दाखवला! जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर नऊ उत्तरं, आकडे घालून. मला कुठे तोंड लपवू असं झालं. बाई हसल्या, पण वाईट नाही हसल्या. म्हणाल्या, पुढच्या मंगळवारी काकू स्वयंपाकघरात बसतील.

५ मार्च

लेकीचा फोन. “आई, अगं ती काय तोंडी परीक्षा आहे?” मी म्हटलं, मॅट्रिक झालेय मी, विचारणारा बसला की उत्तर तयार असावं एवढं मला कळतं. हसतच सुटली.

हे सगळं तिनेच जुळवून दिलं. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात येणार आहे, पिल्लू घेऊन, महिनाभर. घरात खोल्या दोन. एकीत हे झोपतात, एकीत मी. “मी येईपर्यंत एका खोलीत या बघू,” म्हणाली. “बाबा घोरतात म्हणून कुणी चार वर्षं वेगळं झोपतं का?” काय सांगणार तिला!

इथे लिहिते. इथे कोण वाचतंय. हे गोदामात वजनकाट्यावर होते. छत कोसळलं त्याला पाच वर्षं झाली. पाच तास ढिगाऱ्याखाली, सोबत काट्यावरचा जोडीदार. हे वाचले, तो गेला. त्याबद्दल आजतागायत एक शब्द बोललेले नाहीत. अपघाताच्या पुढच्या वर्षी एका दुपारी माझ्या शेजारी ह्यांचा डोळा लागला होता. झोपेतच माझं मनगट धरलं आणि ओढलं. हाड मोडलं. मी तोंडात पदर कोंबला आणि ह्यांना जाग यायच्या आत मोरी गाठली. घसरले म्हणून सांगितलं. महिन्याभराने घोरण्याचं निमित्त काढलं.

हे कुठल्या आकड्याखाली लिहायचं कागदावर?

११ मार्च, मंगळवार

स्वयंपाकघरात जपाची माळ घेऊन बसले. लक्ष सगळं दाराकडे – देवा, क्षमा कर. ह्यांचा आवाज यायचा, शब्द कळत नव्हते. पन्नास मिनिटं! माझ्याशी वर्षाकाठी पन्नास मिनिटं बोलले नसतील.

बाहेर आले ते भूक लागली म्हणतच. मी विचारलं, काय बोललात एवढं?

“तुला सांगता आलं असतं तर तिला कशाला फोन लावला असता?”

भांडी जरा जोरातच घासली.

१२ मार्च

सकाळी न सांगता पाणी भरलं ह्यांनी. देवाला फुलंही आणली – शेजाऱ्यांच्या कुंपणातली! आता परत कशी चिकटवणार? वाहिली. राग गेला.

१८ मार्च, मंगळवार

आज ह्यांनीच मला शेजारी बसवून घेतलं. जमेल तसं लिहिते.

आधी जोडीदाराचं सांगितलं. अंधारात त्याचा हात ह्यांच्या हातात होता. तो बोलायचा थांबला तरी हे धरून होते. मग हाताला मुंग्या आल्या आणि – “मी सोडला.” एवढंच. मी ह्यांच्याकडे बघत होते, हे फोनकडे.

मग म्हणाले, “आणि हिचं मनगट मी मोडलं.”

“काहीतरीच! मी मोरीत घसरले नव्हते का –”

“मोरी कोरडी होती,” हे म्हणाले. अगदी हळू. “दवाखान्यातून आल्यावर पाय धुवायला गेलो. बादली सकाळपासून पालथीच, फरशी कोरडी ठाक. कुणी घसरणार कशावर? मग हिने घोरण्याचं काढलं. मी मुकाट्याने अंथरूण उचललं. तेव्हापासून आतून कडी लावून झोपतो. झोपेत उठून हिच्याकडे गेलो तर?”

कडी! रोज निजताना ती कडी ऐकते मी. वाटायचं, राग धरलाय, खोलीबाहेर घातलं म्हणून.

फोनमधल्या बाईंनी डोळे पुसले. की चष्मा पुसला, नीट दिसलं नाही.

१९ मार्च

देवापुढे बसले, बोलायला तोंड होईना. चार वर्षं त्यालाही मी ‘घसरले’ असंच सांगत आलेय.

२५ मार्च, मंगळवार

बाईंनी आज मलाच धरलं. “काकू, तुम्हाला काकांची भीती वाटते का?”

“इश्श! नवऱ्याची कसली भीती? देवमाणूस आहे!”

हे केवढे खूश! लेक आल्याशिवाय गाल इतके वर जात नाहीत ह्यांचे. बाई म्हणाल्या, तरी घाई नको, खोली लगेच एक करू नका. हे कुठले ऐकायला! फोन ठेवला तसा पेचकस घेऊन गेले आणि कडीच उखडली. स्क्रू मात्र डबीत ठेवले, “लागतील कुठेतरी.” माझ्या संगतीत काटकसर शिकले म्हणायचे.

लेकीला कळवलं, खोली रिकामी करतोय. तिने फोनवर पिल्लूला टाळ्या वाजवायला लावल्या.

३० मार्च

दुपारी ह्यांनी माझ्या खोलीत पाठ टेकली. “बघू तरी,” म्हणाले, नव्या घरी पाहुणा यावा तसे अवघडून. थोड्या वेळात श्वास संथ झाला. पांढरे केस किती झालेत! जवळून बघितलेच नव्हते.

मी भिंतीला चिकटून, दोन्ही हात पोटाशी आवळून, तासभर छत बघत होते.

उठल्यावर विचारलं, “लागली झोप?”

“छान लागली.”

शीळ घालत चहा केला ह्यांनी, दोघांचा. साखर विसरले. मी ‘झकास’ म्हणून प्यायले.

१ एप्रिल, मंगळवार

बाईंनी काही विचारायच्या आत मीच बोलून टाकलं. “अहो, मला तुमची भीती वाटते. परवा मी झोपले नव्हते.”

वाटलं, आता हे उठून जातील. उठले नाहीत.

“मीही जागाच होतो,” म्हणाले. “डोळे मिटून. डोळा लागला असता तर?”

मग लेकीला फोन लावला. मी बोलणार तेवढ्यात ह्यांनी माझ्याकडून घेतला. “तू आणि पिल्लू आईच्या खोलीत झोपा गं. मला अजून वेगळी खोली लागते. घोरतो म्हणून नाही. का ते सांगतो – बस जरा.”