दारूचा वास

१२ सप्टेंबर, मुंबई
समुद्राकडची खिडकी उघडायची नाही, असं मॅडमनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. खारी हवा आत येते, पितळ हिरवं पडते, एसी सडते. म्हणजे चौदाव्या माळ्यावरून समुद्र नुसता पाहायचा. पाच महिने झाले. मोठ्या बाईंची (मॅडमच्या सासू, अर्धांग) आंघोळ, औषधं, व्यायाम. त्या मले सिस्टर म्हणतात, बाकीचं घर नर्स. नोकरांची लिफ्ट वेगळी आहे. कुत्रा मात्र मालकांच्या लिफ्टनं जाते.

१५ सप्टेंबर
संध्याकाळी मो. बाईंना चाकाच्या खुर्चीवर किनाऱ्यावर नेलं. इथले लोक नुसते चालाले येतात, कुठं जायचं नसते. कठड्यावर एक माणूस पाठमोरा बसलता. शर्ट पाठीवर भिजलेला. माझे पाय थांबले. बाईंनी विचारलं, कोण आहे? म्हटलं, कोणी नाही. तो उठला, चेहरा दिसला, वेगळाच. घाम असंल.
या महिन्यात ही तिसरी वेळ.

१६ सप्टेंबर
लिहूनच टाकते. कोणी वाचणार नाही.
पाच वर्षं झाली. मुकुटबनजवळच्या एका गावात उपकेंद्रावर नर्स होती मी. कपाशीचे वाईट दिवस. अळी हटेना, जो तो फवारून राह्यला होता. मारोती मजुरीनं फवारणी करे, पाठीवरचा पंप गळे. दुपारी तीनला एकटाच आला, बाकावर बसला. दिसत नाही म्हणे, डोळे चुरचुरतात. लाळ गळत होती, जीभ जड. मले चारची यवतमाळ गाडी धरायची होती, बहिणीकडं पाहुणे होते. डोळे धुवून दिले. म्हटलं, घरी जाऊन झोप, उद्या ये.
उद्या आला नाही. त्याले आणलं, अंगावर चादर टाकून.
चौकशीत मी सांगितलं, प्यायलेला वाटला म्हणून परत पाठवला. रजिस्टरात मागाहून लिहिलं: दारूचा वास. दोन शब्द.
तो पीत नव्हता. त्याच्या बायकोचं, सरूचं बाळंतपण मीच केलतं. पोरगी झाली म्हणून सारे सोयरे प्यायले, हा एकटा चहा घेऊन बसलता.
वर्षभरात नोकरी सोडली. कोणी काहून म्हणून विचारलं नाही.

३ ऑक्टोबर
बिल्डिंगच्या बागेत कीटकनाशक मारून राह्यले. चौदाव्या माळ्यावर, बंद खिडक्यांतून वास येणं शक्य नाही. मले येते. बाईंना विचारलं, त्या नाही म्हणाल्या. दिवसभर हात धुतले.

४ ऑक्टोबर
दुपारी औषधं आणाले खाली गेली. आमच्या लिफ्टजवळ बागेतला माळी भिंतीले टेकून बसलेला. यूपीकडचा, पन्नाशीचा माणूस. तोंडातून लाळ, शर्ट भिजलेला. वॉचमन म्हणे, पी के आया है, साहब लोग आने के पहले हटाओ.
पापण्या वर करून पाह्यलं. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या.
"पिया नहीं है," मी म्हटलं. "दवा चढी है इसको."
इतक्या जोरात या बिल्डिंगमध्ये कधी बोलली नव्हती. शर्ट काढला, नळाखाली साबणानं अंग धुतलं, टॅक्सीत घातलं. हॉस्पिटलात तेच तेच सांगत राह्यली, फवारणीचं औषध आहे, उताऱ्याचं इंजेक्शन, ॲट्रोपिन द्या.
वर आली तर मॅडम दारात, खूप बोलल्या. मो. बाई दोन तास एकट्या होत्या. मॅडमचं खरं आहे.

७ ऑक्टोबर
माळी वाचला. त्याच्या बायकोनं गावाहून फोन केला, आशीर्वाद देऊन राह्यली होती. ऐकवेना. बंद केला.
मो. बाईंनी पाह्यलं. त्यांना सारं सांगितलं, रजिस्टरापर्यंत. त्यांना एकेक शब्द जुळवाले वेळ लागते.
"मला... सांगून... काय उपयोग?"
रजा मात्र त्यांनीच मिळवून दिली.

१४ ऑक्टोबर, यवतमाळ
धामणगावला उतरली, तिथून एसटी. बहीण म्हणे, मुंबईत राहून गोरी झाली तू. समुद्र कसा असते, पोरं विचारत होती. काय सांगावं. सांगितलं, मोठा असते.
मुकुटबनले कायले जातं, हे बहिणीनं दोनदा विचारलं.

१५ ऑक्टोबर
सरू वावरातच भेटली. कापूस वेचून राह्यली होती, कमरेले कापसाची ओटी बांधलेली. ओळखलं. शिस्टरबाई, तुमी इकडं कशा? मी उभ्या उभ्याच सांगितलं. आधी तिचे हात चालूच होते. मग थांबले.
"पेला नव्हता?"
"नाही."
"मंग लोकं म्हनत ते?"
"माझ्यामुळं म्हणत. मी लिहिलं होतं तसं."
ती कपाशीच्या दोन ओळींमधल्या काकरातच खाली बसली. माझ्याकडं पाह्यलं नाही.
"मी तवा माहेरी होती, लोकं म्हनले तेच खरं धरलं. मातीत घालताना मी त्याले शिव्या देल्ल्या. दारूपायी आमाले सोडून गेला म्हून. पाच वर्सं पोरीले त्याचं नाव काढू देल्लं नाही. त्या शिव्या आता कुटं नेऊ?"
मी माफी मागितली. तिनं ऐकलं का, माहीत नाही. उठून पुन्हा वेचू लागली. मी निघाली तेव्हा ती मागून म्हणाली, उद्या पोरगी आश्रमशाळेतून येते.
"तू सांग तिले. माह्या तोंडानं नाही होत."
पहिल्यांदाच मले तू म्हणाली.

१६ ऑक्टोबर
सकाळपासून सरूच्या ओट्यावर. तिनं चहा दिला, मी घेतला.
पोरगी आताच आली. अकरा वर्षांची. नाळ मी कापली होती, पण तिले कसं माहीत असणार. दप्तर खाली ठेवलं, आईकडं पाह्यलं, मग माझ्याकडं.
"तुमी कोन?"
सरू चुलीपाशी. पाठ आमच्याकडं.
म्हटलं, आधी हातपाय धुवून ये. ती गेली, तेवढ्यात हे लिहून राह्यली. रांजणातून पाणी घेतल्याचा आवाज. आता तोही थांबला.