डावीकडचा गिटारवाला

ता. ४ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. आ. (रीत म्हणून. मनापासून द्यायला अजून आठवडा लागेल.)

आमच्या बँडच्या तीस वर्षांपूर्वीच्या रेकॉर्डवर मासिकात लिहिलेला तुझा लेख वाचला. दुकानात अॅम्प्लिफायर दुरुस्त करता करता वाचला आणि सोल्डरिंग गन बोटाला लावून घेतली. प्रोग्रेसिव्ह रॉकमध्ये भावना कुठल्या गिटारवाल्याची जास्त, हे तोलायला तुला आम्ही दोघेच सापडलो? आमच्या दुसऱ्या गिटारवाल्याचा, त्या बगळ्याचा, सूर न् सूर भिजलेला, आणि तुझ्या सख्ख्या भावाचे सूर इस्त्री करून घडी घातलेले! अकरा मात्रांची चाल सांभाळत एक सूर धरून ठेवायला काय लागतं, हे शाळेत वह्या तपासून कळत नाही. बगळा उंच, केस कपाळावर घेतो, डोळे मिटतो. मी बोटांकडे बघतो. लोकांना वाटतं, तो रडतोय आणि मी गणित सोडवतोय.

बरं, लेख तुझ्यापुरता राहिला असता तर चाललं असतं. पुढच्या महिन्यात ती बावीस मिनिटांची रचना आम्ही चौघं पुन्हा रंगमंचावर वाजवणार आहोत. काल ड्रमरने फोन करून सांगितलं की, दोन गिटारींचा मधला भाग आता बगळा एकटाच वाजवेल, मी मागे साथ धरावी. कारण विचारलं तर त्याने तुझाच लेख वाचून दाखवला. मला एकसष्टावं लागलंय. सकाळी बोटं उघडायलाच वेळ लागतो. अशी संधी परत येणार नाही आणि ही तू घालवलीस.

तुझ्या वहिनीने निरोप दिलाय, पण तो गोड आहे, म्हणून सांगत नाही.

कळावे. लोभ सध्या कपाटात कुलपात ठेवलाय.
दादा

ता. ९ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

बोटाला मलम लाव. लेखातला एक शब्दही मी मागे घेणार नाही.

मी उगाच खरडलेलं नाही. वह्या तपासायच्या टेबलाशी, खिडकीकडे तोंड करून, स्पीकर पाठीशी घेऊन, तीन दुपारी तोच भाग ऐकला. रेकॉर्डच्या वेष्टणावर तुम्हीच छापलंय की डावीकडे बगळा, उजवीकडे तू. डावीकडच्या गिटारने मला रडवलं. शेवटी तो एक सूर वर ओढतो, तो पोचतच नाही, तिथेच थरथरत राहतो. उजवीकडे सगळं जागच्या जागी, एक सुरकुती नाही. वेष्टण नसतं तरी मी तुला ओळखलं असतं. सात वर्षं भिंतीपलीकडून तुझा सराव ऐकलाय.

आणि त्यात नवल ते काय? आई गेली तेव्हा मी सतरा वर्षांची होते. तू कोरड्या डोळ्यांनी आल्यागेल्यासाठी खुर्च्या मांडत होतास. चौथ्या दिवशी गिटार उचलून स्टुडिओत निघालास. मी दारात आडवी आले, तर तारीख ठरलीय म्हणालास. ज्याला घरात रडू आलं नाही त्याच्या तारांतून काय येणार? हे लेखात लिहिलं नाही, एवढे उपकार मान.

वहिनीला सा. न., तिचा निरोप मी तिच्याकडूनच घेईन. लोभाची किल्ली तुलाच लखलाभ.
धाकटी

ता. १३ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. आ.

तुझं पत्र दोनदा वाचलं. मग ताटावरून उठून पुन्हा वाचलं.

अगं शहाणे, स्पीकरकडे पाठ करून बसलं की डावं उजवीकडे जातं. खुर्ची फिरव आणि पुन्हा ऐक. तो थरथरणारा मी आहे. सुरकुती न पडू देणारा बगळा आहे. त्याला हे पक्कं ठाऊक आहे, तरी तुझ्या लेखाची कात्रणं वाटत फिरतोय.

तो सूर पोचला नाही कारण माझा हातच चालेना. तो तूच मोजलेला चौथा दिवस होता. ध्वनिमुद्रक म्हणाला की परत घेऊ, मी नको म्हटलं. घरात माणसं होती, तू होतीस. तिथे मी कोसळलो असतो तर बाकीचं कोणी बघितलं असतं?

तू मला वाईट वाजवणारा म्हणालीस याचा राग आता राहिला नाही. राग याचा आहे की सात वर्षं ऐकून तू माझा हात ओळखला नाहीस, वेष्टणावरची अक्षरं ओळखलीस. दुरुस्ती छापणार की नाही, तेवढंच कळव.

बाकी क्षेम. लोभाचं मी आज काही लिहीत नाही.
दादा

ता. १८ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

खुर्ची फिरवली. तुझंच खरं. पुढच्या अंकात चूक माझ्या नावानिशी कबूल केलीय. ड्रमरकडे स्वतः गेले आणि त्याला हेडफोन लावून तो भाग ऐकवला. मधला भाग आता तुझा. साथ बगळा धरेल. त्याने बरीच आदळआपट केली म्हणे, मग तयार झाला.

लेखाची माफी मागते. पण माझा राग गेलेला नाही, उलट दुप्पट झालाय. तुझ्याकडे एवढं होतं आणि ते तू काचेपलीकडच्या परक्या ध्वनिमुद्रकाला दिलंस! आईसाठी या घरात मी एकटीच रडले, असं मी तीस वर्षं समजत होते. मला खुर्च्या नको होत्या रे. तू शेजारी बसायला हवा होतास. हात ओळखला नाही म्हणतोस, पण तो हात तू मला कधी दाखवलास? भिंतीपलीकडून मला फक्त ताल मोजणाऱ्या मेट्रोनोमची टकटक ऐकू यायची.

कार्यक्रमाला येईन, कडेच्या खुर्चीत बसेन. संपल्यावर मात्र मला मागे भेटायला बोलावू नकोस. ते सगळं वाजवून झाल्यावर तू बाहेर येशील आणि नेहमीसारखं जेवलीस का, एवढंच विचारशील. ते मला सोसणार नाही.

कळावे. लोभ असेलच, तर मला दिसेल असा असावा.
धाकटी