तू म्हणतेस तर

१२ जानेवारी २०२६, सोमवार

प्रिय राजस,

प्रभूच्या नावात सलाम. हसू नकोस, पेन हातात घेतलं की पहिली ओळ आपोआप तीच येते.

मी बरी आहे. थंडीचं रडगाणं आईकडे गाऊन झालंय, तेव्हा तुला त्यातून सूट. कागदावरचं पत्र बघून तू दचकला असशील. पण तुझा फोन लागत नाही, मेसेजला तू नुसता अंगठा दाखवतोस, आणि जरा लांब काही लिहिलं की फोन तसाच आईच्या हातात देतोस. म्हणून म्हटलं, पोस्टाने पाठवू. पाकीट तरी तुलाच फोडावं लागेल.

इथलं माझं काम मी तुला कधी नीट सांगितलंच नाही. आपल्या चर्चच्या मंडळीत दर महिन्याला माझं पत्र वाचतात, त्यात ‘स्कॉटलंडच्या तरुणांमध्ये सेवा’ असं भारदस्त काहीतरी असतं. ती सेवा म्हणजे काय ते ऐक. सकाळी चर्चच्या मागचा हॉल उघडायचा, हीटर लावायचा, आणि हॉल तापेपर्यंत कोट घालूनच झाडू मारायचा. दुपारी शाळेच्या सुट्टीत पोरं आली की टोस्ट भाजायचे. मग टेबल टेनिस. शुक्रवारी संध्याकाळी जरा गर्दी असते, कारण बंदराच्या या एवढ्याशा गावात फुकट उबेत बसायला दुसरी जागा नाही. देवासाठी कुणी येत नाही, हे मला पहिल्याच महिन्यात कळलं. आणि इथल्या पाळकबाईंचा नियम असा, की पोरांनी स्वतःहून विचारल्याशिवाय आपण तो विषय काढायचा नाही. विनायक पाटोळ्यांच्या मुलीला तोंड मिटून टोस्ट भाजायला सांगायचं म्हणजे काय शिक्षा आहे, ते तुला कळेल.

चर्चच्या भिंतीवर एक पितळेची पाटी आहे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी या गावातून आपल्याकडे गेलेल्या मिशनरींची नावं आहेत तिच्यावर. त्यातला एक कोकणात तापाने गेला. आता त्याच चर्चमध्ये रविवारी दहा-बारा म्हाताऱ्या असतात, आणि त्यांची नातवंडं सांभाळायला नवीन पनवेलहून मी. मोराग नावाची एक आजी आहे. ती सगळ्यांना माझी ओळख करून देते, “आम्ही पाठवलं होतं ना, ते परत आलं.”

पोरांमध्ये माझी सगळ्यात लाडकी कर्स्टी. सतरा वर्षांची आहे. आई मासळीच्या कारखान्यात पाळीवर असते, बाप कधीच सोडून गेलाय. ती टोस्टरच्या शेजारी स्टूल घेऊन बसते आणि दोन-दोन तास बोलत नाही. एकदा माझ्या फोनवर तुझा फोटो बघून म्हणाली, “हा कोण?” भाऊ, म्हटलं. “त्यालाही असंच करून खायला घालतेस?” मी म्हटलं, तो माझ्या हातचं खात नाही, हिंग फार पडतो म्हणतो. ती हसली. मी भांडी घासायला गेले. तुला मी कधी असं दोन तास गप्प बसू दिलंय का, ते आठवत राहिले. नाही आठवलं.

आता मोठी बातमी. कर्स्टीला बाप्तिस्मा घ्यायचाय. स्वतःहून म्हणाली! दीड वर्षातली ही पहिली. आपल्या मंडळीत हे कळल्यावर कुणीतरी पेढे वाटले म्हणे. तू नव्हतास, आई म्हणाली.

नमनाला घडाभर तेल झालं. तुझ्या लक्षात आलंच असेल, हे पत्र मला लिहायला सांगितलंय.

आनंदाकाकांनी चर्चच्या पंच कमिटीत बाबांचा विषय काढला. ज्याला स्वतःचं घर सांभाळता येत नाही त्याने मंडळी काय सांभाळायची, असं म्हणाले. मुलगा बावीस वर्षांचा झाला, अजून दृढीकरण नाही, बिशपसमोर स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल केलेला नाही, रविवारी उपासनेच्या वेळी घरात झोपलेला असतो. तू रात्रभर न्हावा शेव्याच्या यार्डात कंटेनर मोजून आलेला असतोस हे त्यांना कोण सांगणार! ईस्टरनंतर वार्षिक सभा आहे, तेव्हा बाबांना कमिटीतून उतरवतील. पण ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी बिशपसाहेब आपल्याकडे येताहेत. त्या दिवशी दृढीकरणाला तू उभा राहिलास तर विषयच मिटतो.

बाबा मला यातलं काहीच बोलले नाहीत. आईच्या हातून फोन घेतला, हवापाणी विचारलं आणि म्हणाले, “राजसला एखादं पत्र लिही. तुझं ऐकतो तो.” बस, एवढंच.

त्यांना दुसरं काय आहे रे? कंपनी सुटली, गुडघे गेले, तळोज्याच्या धुराचा खोकला तेवढा उरला. रविवारची तयारी आहे म्हणून त्यांना शनिवार आहे.

मीसुद्धा सोळाव्या वर्षी बाबांसाठीच उभी राहिले होते. बिशपसाहेबांनी डोक्यावर हात ठेवला तेव्हा मला फक्त नवी चप्पल चावत होती. खरं ते नंतर आलं. तुझंही येईल. आणि नाही आलं, तरी एक सकाळ जाईल, दुसरं काय? बाबांसाठी एवढं कर. मी म्हणते म्हणून कर.

ख्रिस्तात तुझी बहीण,
सई


२३ फेब्रुवारी २०२६, सोमवार

राजस,

सलाम. हे पत्र मिळालं की आधी एकटा वाच. मग आईला द्यायचं तर दे.

तुझा मेसेज आला तेव्हा माझ्या हातून टोस्ट जळले. ‘तू म्हणतेस तर करतो.’ मागोमाग आईचा फोन. तू हो म्हणालास, बाबांनी तुला पांढरा शर्ट घेतला, ते परत आंघोळ करताना भजनं म्हणायला लागले, असं सगळं एका दमात. मी इतकी खूश झाले की पाळकबाईंना मिठी मारली. तू फोन उचलत नव्हतास म्हणून तुझ्या यार्डातल्या प्रितेशला लावला. त्याला म्हटलं, ऐकलंस का? तो म्हणाला, “आयकला ना ताई. तुमी सांगितला म्हंजे तो करंल. पन चार दिस झालं, डबा उघडीत नाय. गप गप हाय.” मी म्हटलं, नाइट शिफ्टमुळे असेल. ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

कर्स्टीचा बाप्तिस्मा काल व्हायचा होता. मोराग आजीने केक केला होता, बाकीच्यांनी मिळून शाल विणली होती. बुधवारी मी आणि कर्स्टी बंदराच्या धक्क्यावर फिरायला गेलो. बाप्तिस्म्याआधी एकदा विचारायचं असतं, म्हणून मी विचारलं, तुला हे का हवंय? मला वाटलं, काहीतरी छान उत्तर येईल आणि ते मी पनवेलच्या पत्रात लिहीन. खोटं कशाला बोलू, वाक्य जुळवूनही ठेवलं होतं.

ती म्हणाली, “नाताळात तू पाळकबाईंना सांगत होतीस, दीड वर्षात एकही नाही. मग भांडी घासताना रडत होतीस. मला वाटलं, माझा होऊ दे. तू म्हणतेस तर काय हरकत आहे? पाणीच तर आहे.”

राजस, माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं सांगू? गप्प बसावं. रविवार तोंडावर आलाय, केकचं सामान आणून झालंय, पनवेलला पेढे वाटून झालेत. खरं काय, नंतर येईल. हेच आलं मनात, अगदी याच शब्दांत. आणि ते शब्द मी तुला लिहिले होते हे आठवलं. मग तुझा मेसेजही आठवला, आणि प्रितेशचं बोलणं.

मी तिला म्हटलं, मग नको. माझ्यासाठी नको. तर ती रडायला लागली. जी पोर दोन-दोन तास बोलत नाही ती हमसून रडली आणि म्हणाली, “मग मी शुक्रवारी यायचं की नाही?”

हॉलमध्ये उबेत बसायची ही किंमत आहे, असं तिला वाटत होतं. मी तसं कधी म्हटलं नव्हतं. पण मी दर आठवड्याला तिच्याकडे आशेने बघत होते, आणि पोरांना ते कळतं. मी तिला शपथेवर सांगितलं की तू म्हातारी झालीस तरी तुझा टोस्ट मी भाजेन. शुक्रवारी ती आली. जास्त करपवलास म्हणून कुरकुरली. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू.

त्या रात्री मला झोप लागली नाही ती तुझ्यामुळे. तुलाही असंच वाटत असेल का रे? की आपल्या घरात राहायची, बाबांच्या ताटाशेजारी ताट मांडायची ही किंमत आहे? लोकांच्या पोरांसाठी मी विचारल्याशिवाय बोलायचं नाही हे शिकले, आणि स्वतःच्या भावाला विचारलं नाहीच, वर सांगून टाकलं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

म्हणून मागच्या पत्रातलं ते शेवटचं मी मागे घेते. मी म्हणते म्हणून करू नकोस. माझ्या बाबतीत खरं नंतर आलं, हे खोटं नाही. पण ते का आलं हे मला आजही माहीत नाही, आणि जे मला माहीत नाही ते मी तुला खात्रीने सांगितलं. शिवाय ‘एक सकाळ जाईल, दुसरं काय’ असं लिहिलं. मी लिहिलं! जिने तशाच एका सकाळीपायी घर सोडलं, आईची दोन आजारपणं फोनवर काढली, तिने! तुला काही वाटत नाही, तरी तू एवढे दिवस खोटं उभं राहायला नकार दिलास. त्या सकाळची किंमत माझ्यापेक्षा तूच जास्त राखलीस.

काल उपासनेनंतर बाबांना फोन केला. बाप्तिस्मा झाला नाही हे सांगितलं. तुला उभं राहू नकोस असं लिहिणार आहे, हेही सांगितलं. पलीकडचा टीव्ही बंद झाला.

“जेवलीस का?” बाबा म्हणाले.

हो, म्हटलं.

“मला ठाऊक होतं,” ते म्हणाले. “हो म्हणाला तेव्हा त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर ऐकावं लागलं असतं.”

मागून आई म्हणाली, “हेच शिकायला धाडलं होतं का तिला तिकडे? बापाचं पद घालवायला?” बाबा तिला म्हणाले, “कुमुद, थांब जरा.” मग मला म्हणाले, “आनंदाला मीच सांगतो, पद सोडतो म्हणून. सभेपर्यंत कशाला ताणायचं? आणि राजसला म्हणावं, शर्ट परत करायला जाऊ नकोस. नोकरीवर घाल.” फोन ठेवता ठेवता एकदम म्हणाले, “कमिटीत नसलं तरी रविवारी सकाळी लवकर जाऊन खुर्च्या लावायला कुणाची ना नसेल ना गं?”

फोन ठेवला आणि खूप रडले. अजून हे लिहितानाही धड दिसत नाहीये, अक्षर समजून घे.

तेव्हा हे नीट ऐक. बाबांचं पद तुझ्यामुळे गेलेलं नाही, माझ्यामुळे गेलं. आई काही बोलली तर माझं नाव सांग. मंडळीत कुणी बोललं तरी माझंच सांग. मी लांब आहे, मला ऐकू येणार नाही.

झावळ्यांच्या रविवारी बाबा समोर पंचांच्या रांगेत नसतील. खुर्च्या लावून झाल्या की मागे कुठेतरी बसतील. तू तिसरीत होतास तेव्हापासून ते समोर बसताहेत, मागे कसं बसायचं हे त्यांना माहीत नाही. तू जा. उभा राहायला नको, त्यांच्या शेजारी बसायला जा. डोळे मिटू नकोस, गाऊ नकोस, आमेन म्हणू नकोस. कुणी विचारलं तर सांग, बाबांबरोबर आलोय.

हेही एक मागणंच झालं, मला कळतंय. याला नाही म्हणालास तरी चालेल, तरीही तू माझा भाऊच. आणि गेलास, तर मला कळवू नकोस; ते माझ्यासाठी नको.

तुझी,
ताई