शनिवारचा उजेड

सीकावारा, नाताळ सरल्यानंतरचा सोमवार

तीर्थस्वरूप लेम्पीताईस धाकट्या एल्यासचा नमस्कार. तुझ्या उंबरठ्यावर देवाची शांती असो, आणि ती आत येताना अर्विद दाजींनाही भेटो. (त्यांचा डावा कान आता कसा आहे? मागच्या पत्रात तू लिहिलंस की ते प्रवचन ऐकताना मान हलवतात, पण चुकीच्या जागी.) तुझा गुडघा थंडीत धरतो हे कळलं. रेनडियरच्या कातड्याची पट्टी बांध. आई बांधायची. गुडघा बरा व्हायचा नाही, पण आपण काहीतरी केलंय असं वाटायचं, आणि माझ्या मते निम्मं दुखणं तेवढ्यावर थांबतं.

इकडे सगळं ठीक. सूर्य गेलाय तो अजून परतलेला नाही, दुपारी जेवून उठेपर्यंत चांदण्या दिसतात. माझी साउना, ती वाफेच्या अंघोळीची खोपी, उन्हाळ्यात धुराड्यासकट कोसळली ते तुला माहीत आहेच. तेव्हापासून मी स्वयंपाकघरात तसराळ्यात बसून अंघोळ करतो, गुडघे हनुवटीला लावून, ओढ्यातून उचलून आणलेल्या बेडकासारखा. तुझी वर्गमैत्रीण, तळ्यापलीकडची साइमी, हिवाळा संपला की घर विकून कायमची मुलीकडे औलू शहरात जाणार आहे असं प्रार्थनेच्या बैठकीत ऐकलं. (हे सहज लिहिलं. पत्रात गावची बातमी असावी.)

आता माझ्या नोकरीची हकिकत. टेकाडावरच्या त्या संशोधनाच्या खोपटात मी अजून आहे. छपरावर काचेचा घुमट आहे, त्याखाली कॅमेऱ्याचा एक डोळा आहे आणि तो सगळं आकाश एकदम पाहतो, माशासारखा, पापणी न हलवता. शेजारी दुसरं एक यंत्र आलेल्या उजेडाचे रंग सुटे करून सांगतं की हा उजेड कशाचा. डोंगरापलीकडे रडारची मोठी थाळी आहे. ती वर लहरी पाठवते आणि रात्रीच्या आकाशातल्या हिरव्या उजेडावरून, आपल्या कोल्ह्याच्या आगीवरून, काय परत येतं ते ऐकते. (आई म्हणायची, कोल्हा डोंगरावरून धावतो आणि त्याचं शेपूट बर्फाला घासून ठिणग्या उडतात. इथले लोक म्हणतात, सूर्याकडून येणारे कण. मला दोन्ही पटतं. सूर्य आणि कोल्हा दोघेही देवाचेच.) एकाने बघायचं, दुसऱ्याने ऐकायचं, आणि दोघांचं जुळलं तरच खरं मानायचं. माझं काम घुमटावरचं हिम झाडणं आणि इलारीला जेवायची आठवण करणं.

इलारी हा तरुण संशोधक, औलूला सातव्या मजल्यावर वाढलेला. मुलगा गुणी आहे, पण काम करताना शीळ घालतो. कोल्ह्याच्या आगीखाली शीळ घालू नये, ती खाली येते, हे आपल्याला चालायच्या आधी शिकवलेलं. मी त्याला एकदाच सांगितलं. तो म्हणाला, "काका, ती खाली आली तर बरंच, मोजायला सोपी जाईल." तेव्हापासून तो शीळ घालू लागला की मी मनात स्तोत्र म्हणतो, म्हणजे हिशेब बरोबर राहतो.

तर ताई, थंडी पडल्यापासून कॅमेऱ्याला आकाशाच्या कडेला, नैऋत्येला, एक उजेड दिसू लागला. कुंकवासारखा तांबूस, सडपातळ, सरळ उभा. हिरवे पडदे कसे वारा लागल्यासारखे हलतात, तसा हा हलत नसे. देवळात मेणबत्ती जळावी तसा शांत. आणि दिसायचा फक्त शनिवारी, संध्याकाळच्या सुमारास. इलारीचं खाणंपिणं सुटलं. सूर्याला वार कळत नाहीत, मग हा शनिवार कुठून आला? रडारवाल्यांना विचारलं तर ते म्हणाले, तिथे काहीच नाही, आम्हाला चिटपाखरू ऐकू येत नाही. मग इलारी रडारवर चिडला. त्याने त्या उजेडाला नावसुद्धा ठेवलं होतं, ते मी इथे लिहीत नाही, बिचाऱ्याला आता त्याची लाज वाटते.

माझं विचारशील तर मला वाटलं, ही उद्याच्या रविवारची आठवण आहे. देवाने शब्बाथाच्या आदल्या संध्याकाळी आकाशात एक वात लावून ठेवावी, यात अशक्य काय? खोपटाला खिडकी नाही, म्हणून मी तो उजेड पडद्यावरच पाहायचो, आणि पाहताना मला उगीच बरं वाटायचं, कोणीतरी आपलं नाव हळू घ्यावं तसं. मी हे आपल्या म्हाताऱ्या हेरमान्नी उपदेशकांना सांगितलं. त्यांनी कॉफीत चीज बुडवलं, ते मऊ होईपर्यंत वाट पाहिली आणि म्हणाले, "एल्यास, देवाला शनिवारची अंघोळ लागत नाही." मला वाटलं, वय झालं, भलतंच बोलतात.

शेवटी इलारीने ते रंग सुटे करणारं यंत्र त्या कडेला वळवलं. यंत्र म्हणालं, दिवा. साधा, दुकानातला. कडाक्याच्या थंडीत हवेत बर्फाची बारीक कणी तरंगते, तिच्यावर खालच्या दिव्याचा उजेड चढतो आणि आकाशात खांब उभा राहतो. मग इलारीने नकाशावर पट्टी ठेवून रेघ ओढली. ती तळं ओलांडून, झाडीच्या टोकामागे, साइमीच्या साउनेवर जाऊन थांबली.

आता तुला सांगायला नको, पण त्याला सांगावं लागलं की आपल्याकडे साउना तापली की काठावर दिवा टांगतात, ज्याने यायचं त्याला दिसावा म्हणून. तो म्हणाला, "पण त्या एकट्या राहतात ना? मग बोलावतात कुणाला?" मी घुमट झाडायला गेलो. घुमटावर हिम नव्हतं. ताई, तिच्या काठासमोर एकच घर आहे आणि ते माझं. आणि शनिवारी संध्याकाळी मी त्या घरात नसून बिनखिडकीच्या खोपटात बसलेला असतो.

गेल्या शरदात ती म्हणाली होती खरं, की तुझी साउना पडली, आमची शनिवारी तापतेच. पण ते पहिलं बोलावणं. आई काय सांगायची? पहिल्या बोलावण्याला जातो तो भुकेला, दुसऱ्याला जातो तो हावरा, तिसऱ्याला जातो तो पाहुणा. मी पाहुण्यासारखा दुसऱ्या-तिसऱ्याची वाट पाहत तसराळ्यात बसलो होतो. ती दर शनिवारी आकाशाएवढं बोलावणं करत होती. विज्ञानाने पाहिलं, मी नाही पाहिलं.

आणि त्यातून कामगिरी माझ्यावरच आली. शनिवारी रडार आणि कॅमेऱ्याने एकत्र बघायचं ठरलेलं, तेव्हा तो दिवा नको. गावचा माणूस म्हणून मीच जाऊन साइमीला दिवा विझवायला सांगायचं. मी रविवारचा कोट घालून गेलो. कॉफी प्यालो. मासे, सरपण, तुझा गुडघा, सगळ्यावर बोललो. ती म्हणाली, "एल्यास, तू काहीतरी सांगायला आलायस." मी म्हणालो, कॉफी छान झालीय. परत येऊन इलारीला म्हणालो, बोलणं झालं. (हे खोटं नव्हतं.) पण मुलगा हुशार, त्याने तिला फोन केला.

शनिवारी दिवा लागला नाही. आकाश असं उघडलं की काय सांगू. डोंगरामागून हिरवं काही उठलं, डोक्यावर आलं, कोणीतरी न बोलता ओढणी झटकावी तसं झटकलं गेलं आणि कडांना जांभळं होत विरलं, पुन्हा उठलं. डोंगरापलीकडून निरोप आला, आम्हालाही ऐकू येतंय, अगदी तिथेच. दोघांचं जुळलं. इलारी शीळ घालायलासुद्धा विसरला. आणि मी पडद्याच्या नैऋत्य कडेकडे पाहत होतो. तिथे काळोख होता, छान स्वच्छ, हवा होता तसा. मला वाटलं, साइमी गेली औलूला.

मी टोपी घातली आणि निघालो. तळं गोठलेलं, वर ते सगळं चाललेलं, पायाखाली त्याचीच हिरवी सावली. स्तोत्र म्हणावं म्हटलं तर एकही आठवेना, म्हणून नुसता चाललो. मला वाटतं तेही चाललं असावं.

साइमी दारातच होती, हातात पाण्याची बादली. मी म्हणालो, दिवा दिसला नाही.

"दिवा विझवलाय, चूल नाही," ती म्हणाली. "ये. आधी पुरुषांची पाळी."

साउना उत्तम तापली होती. एवढंच लिहितो. नंतर कॉफी पिताना घर विकण्याचा विषय निघाला, तर ती म्हणाली, राहू का जाऊ हे कोणीतरी विचारायला हवं, माणूस स्वतःलाच किती विचारणार. आता निजायला जातो. दाजींना मोठ्याने नमस्कार सांग.

तुझा भाऊ,
एल्यास

ता. क. गुडघा बरा असेल तर नदीचा बर्फ सैल व्हायच्या आत इकडे ये. आपल्याकडे हे विचारणं माणूस स्वतः करत नाही, घरचं वडीलधारं करतं, आणि आईनंतर तूच आहेस. दाजींना आण, पण विचारायला त्यांना लावू नकोस. ते विचारतील तर उत्तर त्यांना सोडून सगळ्या गावाला ऐकू जाईल.

आणखी एक ता. क. साइमी दुकानाकडे जाणार होती म्हणून पत्र टपालात टाकायला तिच्याकडे दिलं. तिने विचारलं, यात माझं काही आहे का? मला खोटं बोलता येईना. तिने चुलीपाशी उभं राहून सगळं वाचलं. म्हणते, दिवा तुझ्यासाठी मुळीच नव्हता, बर्फातल्या पाणी काढायच्या भोकात अंधारात पाय जाऊ नये म्हणून होता, आणि लेम्पीला यायचंच असेल तर शनिवारी ये म्हणावं, साउना तापलेलीच असते.

ताई, ते भोक तिच्या घराच्या मागच्या खाडीत आहे. तिथला दिवा आमच्या काठावरून दिसूच शकत नाही, आणि तिचा दिवा तर पुढच्या काठावर, माझ्या घरासमोर टांगलेला आहे. हे मी तिला सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस.