माझ्या घरात शिरणाऱ्या इसमास बाहेर नेण्याबाबत

दिनांक : २१ नोव्हेंबर

प्रति,
मा. शेरीफ श्री. रॉडनी नेपियर,
टॅलिव्हर काउंटी, केंटकी

विषय : सायंकाळी मला माझ्या राहत्या घरातून बाहेर काढणे आणि माझ्या पत्नीच्या बंदुकीस प्रमाणपत्र मिळणे याबाबत.

संदर्भ : आपल्या कार्यालयाचे दि. १४ नोव्हेंबरचे पत्र.

महोदय,

१. संदर्भातील पत्र पोहोचले. पत्र सौजन्याने लिहिलेले आहे. त्यातील तीनही सूचना मात्र मला अमान्य आहेत. आमच्या घरून येणाऱ्या फोनवर यापुढे डेप्युटी पाठवला जाणार नाही, फोन घेणारी व्यक्ती माझ्या पत्नीस ‘घरातला माणूस तुमचा नवराच आहे’ एवढे सांगेल, ही पहिली. घरातील बंदूक मी कार्यालयात जमा करावी, ही दुसरी. पत्नीस काउंटीच्या शुश्रूषागृहात ठेवण्याचा विचार करावा, ही तिसरी. या सूचना अपुऱ्या माहितीवर उभ्या आहेत. त्यात आपला दोष नाही. घडले ते सगळे नऊ नोव्हेंबरच्या संध्याकाळी मी घरी आलेल्या डेप्युटी हॉलब्रुक यांना सांगितले नव्हते.

२. प्रथम बंदुकीविषयी. आमचे घर कोल्ड फोर्कच्या खोऱ्यात, रस्ता संपतो तिथे आहे. जवळचा शेजारी क्लाईड सायझमोर. त्याचा दिवा आमच्याकडून दिसत नाही. काही वर्षांपूर्वी व्हर्लीन म्हणाली, “तू क्लबच्या सभेला गेलास की मी इथे एकटी. कुत्रा म्हातारा झाला, तूही झालास. मला पेलेल अशी एखादी बघ.” नेमबाजी क्लबच्या पत्रिकेत बंदुकांची परीक्षणे मीच लिहीत असल्यामुळे न तपासता काही विकत घेणे मला शोभणारे नव्हते. वीस बोअरची, आखूड नळीची, आखूड दस्त्याची, एक बार झाला की दुसरे काडतूस आपोआप पुढे घेणारी ही बंदूक मी कुरणात एका जुन्या दारावर चालवून पाहिली. आमच्या घरातल्या बोळाच्या लांबीइतक्या अंतरावर छऱ्यांचा फैलाव मोजला. ओली काडतुसे घातली, हातमोजे घालून चालवली, मनगट मुद्दाम ढिले सोडून चालवली. ती एकदाही अडकली नाही. धक्का इतका सौम्य की खांदा दुसऱ्या दिवशी तक्रार करत नाही. काडतूस आत सरकवताना अंगठ्याला जोर लागतो, एवढाच उणेपणा मी नोंदवला. परीक्षणाचा समारोप असा होता : ‘ही बंदूक घाबरलेल्या माणसाच्या चुका पोटात घालते.’

व्हर्लीनने परीक्षण वाचले आणि म्हणाली, “सगळं तपासलंस. समोर कोण उभंय ते दिसणार कसं, तेवढं राहिलं.” काउंटीतील मुलांना तिने पुष्कळ वर्षे शाळेच्या तळघरात बंदूक हाताळणीचे धडे दिले. आपणही त्या वर्गात बसला होता. तेव्हा जे ओळखलेले नाही त्याच्यावर नळी रोखायची नाही, हे मी आपणांस सांगायला नको. तिच्या आग्रहावरून नळीखाली दिवा बसवून घेतला.

३. आता आजाराविषयी. सकाळी व्हर्लीन व्हर्लीन असते. माझ्या कॉफीला नावे ठेवते, माझ्या लांब वाक्यांना त्याहून जास्त. सूर्य डोंगराआड गेला की मात्र ती मला ओळखत नाही. आपल्या पत्रात यासाठी ‘गैरसमज’ हा शब्द आहे. या शब्दास माझी हरकत आहे. आपल्या डोंगरात येणारा माणूस पायरीवर पाऊल ठेवण्यापूर्वी अंगणातून हाक देतो. जो हाक देत नाही तो चोर, किंवा, क्षमा असावी, समन्स घेऊन आलेला आपला माणूस. मी दुपारपासून घरातच बसलेला असतो. दिवस मावळताना तिला खुर्चीत एक माणूस दिसतो. तो केव्हा आला ते तिला आठवत नाही आणि त्याने हाक दिलेली तिने ऐकलेली नाही. एवढ्यावरून तिने काढलेला निष्कर्ष सदोष आहे असे मला म्हणता येत नाही. तिचा नवरा बाहेर गेला आहे, तो यायच्या आत या माणसाला घालवले पाहिजे, इतकेच तिचे म्हणणे असते.

४. बंदूक जमा करण्याचा प्रयोग मी करून चुकलो आहे. गेल्या हिवाळ्यात ती क्लाईडकडे ठेवली. त्या संध्याकाळी हातात काही नाही म्हणून व्हर्लीन घरात थांबली नाही. सपाता घालून मला शोधायला रस्त्याला लागली. पेंढा घेऊन येणाऱ्या ट्रकवाल्याने तिला परत आणले तेव्हा तिच्या केसांवर दहिवर गोठले होते. बंदूक मांडीवर असली की ती निजायच्या खोलीतल्या खुर्चीत दार किलकिले ठेवून शांत बसते आणि माझी वाट पाहते. म्हणून बंदूक परत आणली. काडतुसांतील छरे काढून मी भुसा भरला होता, तिने एक तळहातावर तोलले आणि विचारले, “हे कुणी भरलं?” शेवटी बंदूक दुरुस्त करणाऱ्या डिलार्डकडे जाऊन काडतुसावर आदळणारी पिनच काढून घेतली. तो म्हणाला, “सर, आजवर लोक माझ्याकडे बंद पडलेली चालू करून घ्यायला आले. चालू आहे ती बंद करायला तुम्ही पहिलेच. पैसे काय घेऊ याचे?” त्याने घेतले नाहीत. तेव्हापासून ही बंदूक बंदुकीने करायचे सगळे करते, फक्त उडत नाही. हे व्हर्लीनला ठाऊक नाही.

५. नऊ नोव्हेंबरच्या सायंकाळी मी स्वयंपाकघरात घेवड्याची उसळ गरम करत होतो. मक्याचा पाव ओव्हनमध्ये होता. दाराशी नळीखालचा दिवा लागला आणि तिने मला नाव विचारले. मी ते सांगितले.

“त्याचं नाव घेऊ नकोस,” ती म्हणाली. “हातातलं खाली ठेव आणि निघ इथून.”

मी निघायला हवे होते. त्याऐवजी मी वाद घातला. “व्हर्लीन, नीट बघ,” असे म्हटले. तिने नीट पाहिले. दिवा उत्तम आहे. माझा चेहरा त्यात स्पष्ट दिसला असणार. मग तिने चाप ओढला.

आपल्या पत्रात तिने ‘घाबरून हे कृत्य केले’ असे लिहिले आहे. तसे नाही. बार उडाला नाही तेव्हा तिने नळी माझ्यावरून काढून कडेच्या भिंतीकडे वळवली आणि थांबली. कारण न फुटलेले काडतूस उशिरा फुटू शकते. वर्गात आपणांस तिने जितका वेळ थांबायला लावले असेल तितकाच वेळ ती थांबली. मीही जागचा हललो नाही. तेवढ्या वेळात आम्ही दोघे काडतूस फुटण्याची वाट पाहत होतो, आणि ते फुटणार नाही हे दोघांपैकी एकालाच माहीत होते. नंतर तिने काडतूस बाहेर काढले, पिनेचा ठसा उमटला आहे का ते पाहायला त्याची मागची बाजू दिव्यात धरली आणि आपल्या कार्यालयास फोन केला.

६. डेप्युटी टॅमी हॉलब्रुक आल्या. त्यांनी दोघांकडे पाहिले, काय समजायचे ते समजल्या आणि माझ्या कोपराला धरून मला बाहेर नेले. पायरीवर हळूच म्हणाल्या, “सर, हात मागे घ्या. बेड्या घालत नाही, पण त्या खिडकीतून बघतायत.” मग मोठ्याने, “चल, गाडीत बस. डोकं सांभाळ.” टपालपेटीपर्यंत गाडी नेऊन त्यांनी आपल्या थर्मासमधली कॉफी मला दिली. मी त्यांना शाळेत शिकवलेले असल्यामुळे ‘चल’ म्हटल्याबद्दल त्यांनी माफी मागितली. मग म्हणाल्या, “आता चालत वर जा, आणि अंगणातून हाक मारा. माझी आजी म्हणायची, घरधनी असेल तर ओरडेल.”

मी हाक दिली. आतून व्हर्लीनने हाकेला हाक दिली आणि दार उघडले. “किती उशीर, ऑरिन,” ती म्हणाली. “एक जण शिरला होता. पोलिसांनी नेला.” माझा कोट काढून घेताना तिने आणखी जे सांगितले ते मी जसेच्या तसे देतो : “म्हातारा होता रे. एरवी मी त्याला जाऊ दिलं असतं. पण त्याच्या अंगावर तुझे कपडे होते. मला वाटलं, ह्याने तुला मारलं.”

चाप तिने माझ्यासाठी ओढला होता. यास आपले पत्र ‘गैरसमज’ म्हणते. मला याहून बरा शब्द अजून सापडलेला नाही, आणि तो शोधण्याचे मी थांबवले आहे. जेवताना पाव करपला होता. तिने तो कुरकुर न करता खाल्ला. त्या रात्री ती सकाळपर्यंत झोपली.

७. दुसऱ्या दिवशी माणूस तिच्या लक्षात नव्हता, न उडालेला बार होता. “तुझ्या परीक्षणात काय लिहिलं होतंस?” तिने विचारले. मी म्हणालो, काडतूस जुने असेल. ती म्हणाली, “खोटं बोलायला लागलास की तुझी वाक्यं लहान होतात.” त्यानंतर ती बंदूक मांडीवर घेते, पण त्या बंदुकीवर तिचा भरवसा राहिलेला नाही. रविवारी चर्चबाहेर तिने क्लाईडकडे त्याची दुनळी बंदूक मागितली. त्याने अजून दिलेली नाही. मी त्याला समजावले आहे. परंतु क्लाईडने उभ्या आयुष्यात व्हर्लीनला कशालाही नाही म्हटलेले मी पाहिलेले नाही, आणि त्या दुनळीच्या दोन्ही पिना जागेवर आहेत.

म्हणून प्रमाणपत्राची विनंती. माझ्या शब्दावर ती विश्वास ठेवणार नाही, आपल्यावर ठेवील. आपण तिचे विद्यार्थी आहात, आणि आपली बंदूक नेहमी स्वच्छ असे, असे ती अजूनही सांगते. आपण खोटे लिहावे असे माझे म्हणणे नाही. मजकूर मी तयार केला आहे, तो असा : ‘सदर बंदूक तपासली. जिच्या घरी ती आहे तिच्या रक्षणासाठी ती आज आहे त्याहून योग्य स्थितीत असू शकत नाही.’ या वाक्यातील एकही शब्द असत्य नाही. आपण शपथेवर उच्चारलात तरी चालेल.

८. दुसरी विनंती मला बाहेर नेण्याची. मी आपला आपण बाहेर पडून परत का येत नाही, असे आपण विचाराल. ते केले आहे. कोठाराआड थांबून हाक दिली, तेव्हा व्हर्लीन खिडकीतून ओरडली, “ऑरिन, येऊ नकोस! बाहेर एक जण लपलाय!” त्या थंडीत ती मला माझ्यापासून वाचवत उभी राहिली. पास्टरसाहेबांनाही बोलावून पाहिले. त्यांनी मला दारापर्यंत नेले. पण तिला ते पटले नाही. “पास्टर काय, त्याला घरी नेऊन जेवायला वाढेल,” असे तिचे मत पडले, आणि ते चुकीचे नाही. गणवेश लागतो, गाडीवरचा फिरता दिवा लागतो, आणि तो इसम गेल्याचे तिने डोळ्यांनी पाहावे लागते. फोनवर ‘तो तुमचा नवराच आहे’ असे सांगितल्यास, शेरीफचे कार्यालयही त्या माणसाला सामील आहे असा अर्थ ती घेईल. मग ती फोन करणार नाही. कोणी येणार आहे हे माहीत असते तोवर ती खुर्चीत थांबते. कोणी येणार नाही असे कळल्यावर काय करायचे तेही तिने शिकवलेले आहे.

हे रोज लागणार नाही. ती फोन करील तेव्हाच. टपालपेटीपर्यंत न्यावे आणि सोडावे. कॉफी मी बरोबर आणीन.

९. शुश्रूषागृह मी पाहून आलो. जागा स्वच्छ आहे, बायका मायाळू आहेत. भेटीची वेळ अंधार पडण्यापूर्वी संपते. म्हणजे ज्या वेळी ती माझी वाट पाहू लागते नेमक्या त्या वेळी मला तिथे हाक देता येणार नाही. आपल्या तिसऱ्या सूचनेस माझे एवढेच उत्तर आहे.

१०. एक गोष्ट लिहायची राहिली. अंगणातून दिलेल्या माझ्या हाकेस आजपर्यंत उत्तर आले आहे. ते एखाद्या संध्याकाळी येणार नाही, किंवा दार उघडून ती हाक देणाऱ्यालाही कोण म्हणून विचारील, हे मी जाणतो. त्या दिवशी डेप्युटींनी मला पुन्हा पाठवू नये. मी वाद घालू लागलो तरी ऐकू नये. मला गाडीत बसवावे आणि न्यावे. डेप्युटी हॉलब्रुक यांनी, किंवा तिला चालेल अशा कोणी, व्हर्लीनपाशी आत बसावे. ती माझ्याविषयी विचारील. तेव्हा तिला कृपया सांगावे, की मी वाटेत आहे.

आपल्या उत्तराच्या प्रतीक्षेत,

आपला नम्र,
(सही)
ऑरिन स्टॅम्पर
कोल्ड फोर्क, टॅलिव्हर काउंटी

सोबत :
१) बंदुकीच्या परीक्षणाची प्रत.
२) प्रमाणपत्राचा मजकूर, सहीसाठी जागा सोडून.